चासीवरून पाहिलेला देश

वाकडच्या भूमकर चौकात डोक्यावरून जातो तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८. दिल्लीहून निघतो, जयपूर, अहमदाबाद, मुंबई करत आपल्या दारावरून जातो आणि कोल्हापूर, बेळगाव, बेंगळुरू मागे टाकून चेन्नईत संपतो. २०१० साली महामार्गांचे क्रमांक बदलले. त्याआधी मुंबईपासून पुढचा हा रस्ता चार नंबरचा होता आणि गावातली जुनी माणसं अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. दिवाळीची सुट्टी जवळ आली की इथल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये टपावर सामान बांधलेल्या गाड्या दिसू लागतात. कुणी राजस्थानला निघतं, कुणी कन्याकुमारीला. ही हौस आयटीबरोबर वाकडला आली, असं बहुतेकांना वाटतं. मला ते खोडून काढायचं आहे. चाळीस वर्षांपूर्वी या गावातली माणसं गाडी चालवत देशभर जात होती, आणि त्या गाडीला टप नव्हता, दार नव्हतं, समोरची काचही नव्हती. माझे वडील, अण्णा, त्यांतले एक. ते चासी ड्रायव्हर होते.

वाकड तसं रस्त्यावरचं गाव नव्हेच. मुंबई-पुण्याचा गाडीरस्ता गव्हर्नर जॉन माल्कम याच्या कारकिर्दीत, १८३० साली, बोरघाटातून खुला झाला. तो लोणावळा, वडगाव, देहूरोड, चिंचवड, पिंपरी, दापोडी असा खडकीकडे जाई. १८६३ साली रेल्वे घाट चढून आली, तीही चिंचवडवरूनच. वाकड मुळेच्या काठी आडबाजूला राहिलं. ज्वारीची शेतं, म्हातोबाचं देऊळ, चैत्री पौर्णिमेला हिंजवडीहून येणारं बगाड, आणि पिंपरीला जायचं तर काळेवाडीवरून पवना ओलांडायची. लांबचा प्रवास म्हणजे पंढरीची वारी, आणि त्याहून लांबचा म्हणजे काशी. काशीला जाऊन आलेला माणूस गावात बोटावर मोजण्याइतका.

काशीच्या वाटेची मराठी माणसाला ओळख मात्र जुनी आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेनं उत्तरेला निघाले, पायी, काकांच्या सोबतीनं. वाटेत बंडाची गाठ पडली, झाशीच्या वेढ्यात सापडले, आणि तरी परतताना आईवडिलांसाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन आले. त्यांचं ‘माझा प्रवास’ १९०७ साली चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं. तो प्रवास निभला तो ओळखीच्या गावांवर, धर्मशाळांवर, मराठी सरदारांच्या वाड्यांवर. त्याच्या आधीच्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या होत्या. त्या बांधकामांना आपण धर्मकार्य म्हणतो. मला ती आपल्या लांबच्या प्रवासाची पहिली नीट आखणी वाटते. कुठं पाणी मिळेल, कुठं पाठ टेकता येईल, नदी कुठून उतरायची, हे आधी ठरवून दगडात बांधून ठेवलेलं. यात्रेकरू सुखरूप परतला की गंगेची पूजा करून मावंदं घालायचं, गावजेवण द्यायचं, की प्रवास पुरा झाला.

आमच्या घरी मावंदं झालं ते चासीमुळे. त्याकडे येते.

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या वीस वर्षांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा कारखान्यांनी भरून गेला. आकुर्डीत बजाजच्या स्कूटर बनत. १९७२ साली चेतक आली आणि तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबले. शेजारी बजाज टेम्पोची मॅटाडोर बनायची. टेल्कोच्या पुण्यातल्या कारखान्यातून पहिलं व्यापारी वाहन १९७७ साली बाहेर पडलं, आणि १९८६ साली ४०७ आली. आज चाकणमध्ये बनलेली गाडी लांबलचक ट्रेलरवर चढून जाते. तेव्हा ट्रक-बस ज्या गावी द्यायची तिथपर्यंत ती चालवतच न्यायची असे, आणि तीही अर्धी. कारखाना फक्त चासी देई: सांगाडा, इंजिन, चाकं, स्टेअरिंग, पुढचा पत्रा. वरचा साज ज्याचा त्यानं करून घ्यायचा. एसटीच्या चासी महामंडळाच्या कार्यशाळांत जात, दापोडीला, औरंगाबादजवळ चिकलठाण्याला, नागपूरजवळ हिंगण्याला. खाजगी मालकांच्या चासी जात इंदूरला, जालंधरला, तमिळनाडूत नामक्कल आणि करूरला, जिथं लाकूड-पत्र्याचे कसबी कारागीर पिढ्यान्‌पिढ्या बॉडी बांधत आलेत. मालकाला आपल्या मुलखातली बॉडी हवी असे. एकाला फाळके उंच लागत, दुसऱ्याला केबिनवर देवाची कमान लागे. म्हणून चासी उघडी जाई, आणि ती नेणारा माणूसही उघडा जाई.

अण्णा त्याआधी मालट्रकवर किन्नर होते, मग ड्रायव्हर झाले. ठेकेदारामार्फत त्यांना चासीचं काम मिळालं. पहाटे सायकलवरून काळेवाडीमार्गे पिंपरीला जायचे. यार्डात चासी ताब्यात घ्यायची, तात्पुरती नंबरपाटी लावायची, कागद छातीशी बांधायचे. बसायला फळी किंवा खोकं, त्यावर पोतं. डोळ्यांना गॉगल, तोंडाभोवती मफलर, अंगात स्वेटर, आणि थंडीत स्वेटरखाली वर्तमानपत्राच्या घड्या. वर्तमानपत्रानं वारा अडतो, हे त्यांनी शाळेत सोडताना स्कूटरवर बसवायच्या आधी आम्हालाही शिकवलं होतं. पावसात मेणकापड. पुढं दोरीनं बांधलेली छागल, कारण वाऱ्यावर तिच्यातलं पाणी गार राहतं. नव्या इंजिनाला जपायचं म्हणून काटा चाळीसच्या वर न्यायचा नाही. ताशी चाळीसनं पुण्याहून जालंधरपर्यंत, उघड्या अंगावर धूळ, किडे आणि समोरून येणाऱ्या ट्रकचा धूर घेत जाणं काय असेल, याची कल्पना मी आज काच वर करून एसी लावलेल्या गाडीत बसून करते, तेव्हा मला त्या माणसांपुढे हात जोडावेसे वाटतात. त्यांच्यावर कुणी लिहिलेलं नाही. रस्ते बांधणाऱ्यांच्या नावाच्या पाट्या लागल्या, गाड्या बनवणाऱ्यांचे पुतळे झाले. गाडी आणि रस्ता यांची पहिली गाठ ज्यांनी घालून दिली त्यांची नावं कारखान्याच्या फाटकाच्या वहीत राहिली.

अण्णांनी स्वतः काही लिहून ठेवलं नाही. लिहिलं ते आईनं, कालनिर्णयवर. सातवीपर्यंत शिकलेली माझी आई दुधाचा हिशेब त्या चौकोनांत मांडायची, आणि अण्णा निघाले की त्या तारखेला गावाचं नाव लिहायची. ‘इंदूर.’ ‘बेळगाव.’ ‘रायपूर.’ ‘नमकल.’ परतले की त्या दिवशी नुसती एक फुली. ती कालनिर्णयं तिनं जपून ठेवली होती, मागच्या पानांवरच्या पाककृतींसाठी. तिच्या माघारी कपाट आवरताना ती हाती आली आणि मी ती जमिनीवर पसरून महिन्यामागून महिना वाचत बसले. कुठल्या ऋतूत कुठली लाईन, किती दिवसांनी फुली, कुठल्या गावाला गेले की उशीर होतो, सगळं त्यात होतं. पावसाळ्यात पूर्वेची नावं कमी. चैत्रात म्हातोबाच्या यात्रेच्या आधी एकतरी जवळची खेप, म्हणजे बगाडाला हजर राहता येईल. अण्णांचं नियोजन असं आईच्या अक्षरात माझ्या हाती लागलं.

एका चौकोनात ‘अलाहाबाद’ लिहिलेलं आहे. ती खेप मला आठवते, कारण तिथून अण्णा गंगेचं पाणी घेऊन आले. माझी आजी म्हणाली, आता मावंदं घालायचं. अण्णा म्हणाले, “अगं, मी कामाला गेलो होतो, यात्रेला नाही.” आजीनं ऐकलं नाही. गंगा घरात आली म्हणजे आली, ती कशानं आली हे ती विचारत नाही, असं तिचं म्हणणं. भावकी जेवली, पुरणपोळी झाली, आणि अण्णांबरोबर त्याच खेपेला गेलेले दोन ड्रायव्हर, एक मुसलमान आणि एक सरदारजी, पहिल्या पंगतीला बसले. गोडसे भटजींच्या कावडीपासून चासीच्या टूलबॉक्समधल्या गडूपर्यंत ती रीत अशी पोचली.

चासी एकट्यानं नेत नसत. चार-पाच जणांची रांग असे. पुढं सगळ्यांत जुना ड्रायव्हर, मागं दुसरा जाणता, नवखे मधे. एकाचं टायर बसलं की सगळे थांबत. पहाटे चारला निघायचं, घाट उजेडी उतरायचा, दिवेलागणीला जिथं ट्रकांची गर्दी असेल त्याच ढाब्यावर थांबायचं, कारण ट्रकवाला चुकीच्या ठिकाणी दोनदा जेवत नाही. डिझेल जिल्ह्याच्या गावी भरायचं. चासी सोपवली की त्या मालकाची सही-शिक्क्याची पोहोच घ्यायची. ती हरवली तर मजुरी अडकली. मग मिळेल त्या गाडीनं, रेल्वेनं, नाहीतर ओळखीच्या ट्रकनं परत. अण्णा मुक्कामाला पोचले की पोस्टकार्ड टाकत. कार्ड बहुतेक वेळा ते घरी आल्यावर यायचं आणि आम्ही त्यांनाच ते मोठ्यानं वाचून दाखवायचो.

उत्तरेची वाट कासारवाडीच्या नाशिक फाट्यावरून सुरू होई. नारायणगाव, संगमनेर, सिन्नर, नाशिक, धुळे. मग मुंबई-आग्रा रस्ता. सेंधव्याआधी बिजासन घाट, देवीचं देऊळ. तिथं नारळ फोडल्याशिवाय चासी पुढं जात नसे. नर्मदा ओलांडली की इंदूर. पुढं शिवपुरी, ग्वाल्हेर आणि चंबळ. चंबळच्या बेहडांतून दिवसाच जायचं, हा नियम न बोलता पाळला जाई. १९७२ साली जयप्रकाशांपुढं तिथल्या दरोडेखोरांनी शस्त्रं ठेवली होती, तरी १९८३ साली फूलनदेवी शरण येईपर्यंत त्या मुलखाची धास्ती ड्रायव्हरांच्या बोलण्यात होती. ही वाट नीट पाहिली तर लक्षात येतं की पुण्याहून उत्तरेला जाणाऱ्या मराठी फौजांच्या वाटेशी ती ठिकठिकाणी जुळते. नर्मदेकाठी रावेरखेडीला पहिल्या बाजीरावानं १७४० साली देह ठेवला. अण्णांना इतिहासाची पुस्तकं ठाऊक नव्हती, पण नर्मदा आली की हात जोडायचे, हे त्यांना ठाऊक होतं.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. बजाज टेम्पोची ट्रॅक्स आणि १९९४ साली आलेली टाटा सुमो यांनी घरंच्या घरं प्रवासाला काढली. दहा माणसं, वर टपावर गाद्या आणि गॅसची शेगडी, अष्टविनायकापासून सुरुवात आणि धीर आला की उज्जैन, काशी, गया. सुमो हे नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावावरून, हे पिंपरीतल्या कामगाराला अभिमानानं सांगायला आवडायचं. या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून बहुधा जुना चासीवाला असे. त्याला मुक्काम ठाऊक, घाट ठाऊक, कुठल्या नाक्यावर काय कागद लागतो ते ठाऊक. १९९७ साली वाकड पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, बाह्यवळणाचा रस्ता गावाच्या उशाला आला. १९९९ साली सुवर्ण चतुष्कोनाची पायाभरणी झाली, ५,८४६ किलोमीटरचा तो फेरा आणि त्याची मुंबई-चेन्नई बाजू आमच्या शेतांच्या कडेनं. आडबाजूचं गाव देशाच्या हमरस्त्यावर आलं. ज्वारी गेली. त्याचं दुःख मला आहे आणि रस्त्याचं अप्रूपही आहे. दोन्ही खरं आहे.

मी आणि नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही देशाची लांबी गाडीनं पार करायचं ठरवलं: आधी श्रीनगर, मग सरळ खाली कन्याकुमारी. मोबाइलवर रस्ता एका क्षणात निघतो. आम्ही तो बाजूला ठेवला आणि आखणी कालनिर्णयांवरून केली. दसरा झाल्यावर निघायचं, म्हणजे पाऊस सरलेला आणि काश्मीरचा बर्फ अजून लांब. जाताना अण्णांची आग्रा लाईन. नवरा टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस. त्यानं टायर, बेल्ट, बॅटरी, ब्रेक स्वतः तपासले, स्टेपनीची हवा मोजली. मी पहाटे चारचा नियम धरला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. कामात रात्र झाली म्हणून अण्णा कधी रात्री चालवत नव्हते, तर आम्हाला कसली घाई?

रस्ते आता वेगळे आहेत. टोलनाक्यावर २०२१पासून फास्टॅग सक्तीचा, गाडी नुसती हळू करायची. बिजासन घाट चौपदरी झालाय. देवळापाशी थांबून नारळ फोडला. चंबळ ओलांडायला काही मिनिटं लागली. पानिपतला थांबलो. शहराबाहेर काला आंब इथलं १७६१च्या लढाईचं स्मारक आहे. आमच्याआधी सोलापूरचं एक कुटुंब तिथं आलेलं होतं, आमच्यानंतर सांगलीचं. मराठी माणूस त्या रस्त्यानं गेला की गाडी तिथं वळतेच. जम्मूच्या पुढं चेनानी-नाशरीचा बोगदा, ९ किलोमीटरहून लांब, २०१७ सालचा. आणि बनिहालला १९५६च्या जवाहर बोगद्याच्या खालून काढलेला नवा साडेआठ किलोमीटरचा. हे डोंगर आता बर्फातही पूर्वीइतके अडवत नाहीत.

परतीचा रस्ता ४४ क्रमांकाचा, श्रीनगर ते कन्याकुमारी. झाशीला किल्ल्यावर गेलो आणि गोडसे भटजींची आठवण काढली. सिवनी-नागपूरच्या मधे पेंचच्या जंगलात रस्ता उचलून घेतलाय, खालून वाघ-हरणं जावीत म्हणून. मग हैदराबाद, कर्नूल, बेंगळुरू, सेलम. आणि सेलमच्या पुढं नामक्कल. आईचं ‘नमकल’.

गावाबाहेर रस्त्याच्या कडेला बॉडी बांधणाऱ्यांची आवारं अजून आहेत. एका आवारात आम्ही गाडी आत घेतली. नव्या ट्रकांना आता कारखान्याचंच केबिन असतं, मागचा हौदा तेवढा इथं बांधला जातो. एक म्हातारा मिस्त्री हौद्याच्या फळीला रंध्याचा हात देत होता. त्याला हिंदी थोडं यायचं. माझे वडील पुण्याहून चासी आणायचे, असं मी सांगितलं. त्यानं रंधा खाली ठेवला, दोन्ही हातांनी हवेत स्टेअरिंग धरलं, चेहऱ्याभोवती कापड गुंडाळल्याची खूण केली आणि म्हणाला, “पुने डायवर. बहुत ठंड में आता था.” मग त्यानं मालकाला हाक मारली, मालकानं कॉफी मागवली, आणि आवारातल्या पोरांना गोळा करून तो तमिळमध्ये बराच वेळ काहीतरी सांगत राहिला. मधूनच ‘चासी’ आणि ‘पुने’ एवढं मला कळत होतं. रात्री चासी सोपवायला आलेले ड्रायव्हर याच आवारात लाकडाच्या भुशावर झोपत, हे त्यानं जागा दाखवून सांगितलं. अण्णा तिथं झोपले असतील का, ते त्याला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी विचारलंही नाही. मला ती जागा पाहायला मिळाली, पुष्कळ झालं. कन्याकुमारीला तीन समुद्र पाहिले, ते सुंदर आहेत, पण या प्रवासातून मला जे हवं होतं ते नामक्कलच्या त्या आवारात मिळून गेलं होतं.

घरी आल्यावर मी मावंदं घातलं. गंगा नव्हती; झेलमचं आणि कन्याकुमारीच्या समुद्राचं पाणी होतं, आजीला चाललं असतं. अण्णांच्या बरोबरीचे जे आहेत त्यांना काळेवाडी, थेरगाव, पुनावळ्याहून बोलावलं. जेवणं झाल्यावर नकाशा जमिनीवर पसरला आणि एकेक गाव सांगत गेले. लगेच भांडण लागलं. एक काका म्हणाले, येताना झाशीवरून आलीस ते बरोबर, दुसरे म्हणाले, चासीला झाशी-ग्वाल्हेरपेक्षा गुना-शिवपुरी बरी पडायची, चढ कमी. तिसऱ्यांनी दोघांनाही गप्प केलं. “हे सगळं सोपं गं. तू पूर्वेला गेलीसच नाहीस. नागपूर, रायपूर, संबलपूर धर, कोलकात्याच्या गर्दीत घुसू नकोस, फराक्क्याचा बंधारा ओलांडून सिलिगुडी गाठ. तिथून गुवाहाटीपर्यंत चहाचे मळे. पावसाळ्यात मुळीच जाऊ नकोस, आणि निघायच्या आधी मला विचार, कुठं थांबायचं ते सांगतो.”